चौरंगावर बसवलेली कोंबडी

डोंगराच्या काखेत एक वाडी होती. वाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं काठ्या घेऊन भांडायला येतील, आणि आली की जेवूनच जातील. तर त्या वाडीत एक म्हातारी होती आणि म्हातारीकडे एक कोंबडी होती. दोघींत वयानं मोठी कोण, याबद्दल वाडीत दोन मतं होती.

म्हातारीचं नाव हौसा. कोंबडीचं नाव भिंगरी.

भिंगरी काही साधी कोंबडी नव्हती. मागे एकदा वाडीवर मानमोडीचा रोग आला होता. सकाळी आरवलेला कोंबडा दुपारी मान वाकडी करून पडायचा. बघता बघता वाडी मुकी झाली. पहाटे आरवायला कुणी उरलं नाही, म्हणून माणसं उन्हं अंगावर येईपर्यंत लोळत राहिली. पाटील तर एकदम जेवणवेळेलाच उठले; पण ते आधीही तेव्हाच उठत, असं त्यांची बायको सांगते.

त्या सगळ्या मरणातून एकटी भिंगरी जगली. हौसानं माहेरून एक कोंबडा आणला. भिंगरी खुडूक होऊन अंड्यांवर बसली. पिल्लं निघाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली, आणि वाडी पुन्हा बोलायला लागली. आता बघा, ओंजळीत मावेल एवढं तिचं पोट, आणि त्यातून निघाल्या अख्ख्या वाडीच्या कोंबड्या! माणसाच्या पोटातून एवढं काही निघत नाही. माणसाच्या पोटात नुसतं जातं.

वाडीनं ठरवलं, हिला देवीनं राखली, म्हणजे ही देवीची. आणि देवीच्या कोंबडीला लोखंड लावायचं नाही, ही वाडीची जुनी रीत. सुरी नाही, विळी नाही, कात्री नाही, काही नाही. जो लावील तो वाळीत. म्हणजे त्याच्या घरी कुणी पाणी पिणार नाही, त्याच्या मयताला कुणी जाणार नाही.

दिवस गेले. भिंगरी म्हातारी झाली. अंडी बंद झाली. दुसऱ्या कुणाची असती तर केव्हाच रश्श्यात पोहली असती. पण ही देवीची, म्हणून मान उलट वाढतच गेला. एके दिवशी पाटलांनी तिला उकिरड्यावर उकरताना पाहिलं आणि ते कळवळले.

"हौसाक्का, देवीची कोंबडी आन् शेणात पाय? आपल्या वाडीला शोभतं का हे?"

"तिला आवडतंय की, पाटील," हौसा म्हणाली.

"तिला काय कळतंय? कोंबडी हाय ती!"

झालं. देवळाच्या ओसरीवर चौरंग मांडला. चौरंगावर लाल मखमल घातली. मखमलीवर भिंगरी बसवली. पुजारीबुवांनी पितळेचं ताट ठेवलं. ताटात काय? तर मऊ भात, दुधात कुस्करलेली भाकरी, तूप सोडलेला शिरा. म्हातारा जीव, दाणा टोचू नये म्हणून सगळं कसं मऊ मऊ. हौसानं रोज सकाळी तिला देवळात आणून बसवायचं, दिवेलागणीला घरी न्यायचं. भिंगरीचा पाय मातीला लागू द्यायचा नाही. हौसालाही बरं वाटलं. आपली कोंबडी चौरंगावर बसते म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? चांगुणा शेजारीण म्हणालीसुद्धा, "आत्ती, पुढल्या जल्मी मी तुमची कोंबडीच व्हते."

"हो की," हौसा म्हणाली, "कलकल तर आत्ताच जमती तुला."

असे काही महिने गेले आणि भिंगरीची चोच वाढायला लागली.

आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग वरची चोच खालच्या चोचीच्या पुढे आली. मग ती खाली वळली. मग आकड्यासारखी वाकली. एके सकाळी पुजारीबुवा ताट ठेवायला वाकले, त्यांनी भिंगरीच्या तोंडाकडे बघितलं, आणि ते ताटासकट खाली बसले.

"पाटील! अहो पाटील! धावा! ही चोच कोंबडीची न्हाई!"

पाटील धावत आले. म्हणजे पाटलांच्या मानानं धावत. त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि पागोटं काढून हात जोडले.

"गरुड!" ते म्हणाले. "कोंबडीचा गरुड व्हायला लागलाय."

वाडी गोळा झाली. कुणी नारळ फोडला, कुणी लोटांगण घातलं. एका आजोबांना तर कोंबडीच्या पंखांवर सोनेरी झाक दिसली. त्यांना एरवी समोरचा बैल दिसत नसे. पण झाक दिसली.

आणि दुसरा चमत्कार त्याहून मोठा. भिंगरी जेवेना! ताट सकाळी भरलेलं, संध्याकाळीही भरलेलं.

"अन्न सोडलं," पुजारीबुवा हळू आवाजात म्हणाले. "उपास धरलाय तिनं."

"किती दिवसांचा?" कुणी विचारलं.

"गरुड होईस्तोवरचा."

लोकांच्या अंगावर काटा आला. वाडीत सटवाईच्या उपासालासुद्धा साबुदाणा दोनदा घेणारी माणसं ती. कोंबडीचा कडक उपास पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

वाडीच्या खाली एक गाव होतं. खालच्या गावाला बाजार होता, जत्रा होती, आणि नाकही जरा जास्तच वर होतं. वाडीची माणसं बाजाराला गेली की खालची माणसं म्हणायची, "आले बघा डोंगरातले." आता पाटलांनी छाती फुगवून निरोप धाडला: येत्या पुनवेला आमच्या वाडीची जत्रा. गरुड-कोंबडीच्या दर्शनाला या. पालखी निघणार. जेवण आमच्याकडे.

वाडी शेणानं सारवली, पताका कापल्या, ढोल उन्हात तापवले. सगळे आनंदात होते. एक भिंगरी सोडून.

हौसा रोज भिंगरीला मखमलीसकट उचलायची; त्या दिवशी दिवेलागणीला तिनं नुसत्या हातानं उचललं. कोंबडी हाताला लागलीच नाही. नुसतं पिसांचं गाठोडं. उराचं हाड बोटांना सुरीच्या पाठीसारखं लागलं.

"भिंगरे, अगं तू गेलीस कुठं?" हौसा म्हणाली.

घरी आणून तिनं भिंगरीपुढे तांदळाचे दाणे टाकले. भिंगरीनं झडप घातली. उपासकरी झडप घालतो का कधी? वाकडं टोक जमिनीवर आपटलं, दाणा उडाला. पुन्हा टोच, पुन्हा उडाला. वरची चोच खाली वळून आडवी आलेली. तिच्यामुळे तोंड मिटतच नव्हतं. दाणा समोर, भूक पोटात, आणि मधे स्वतःचीच चोच. दमून भिंगरी डोळे मिटून बसली.

हौसाला रडू आलं; पण रडून कोंबडीचं पोट भरत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं खोलगट वाडगं घेतलं, भरडलेली बाजरी ताकात कालवून पातळ केली आणि वाडगं काठोकाठ भरलं. भिंगरीनं आख्खं तोंड त्यात बुडवलं. खालच्या चोचीनं ती उपसत राहिली, डोळ्यांपर्यंत बाजरी माखून घेतली. बऱ्याच दिवसांनी तिच्या गळ्याची पिशवी जराशी फुगली.

सकाळी हौसा पाटलांच्या दारात उभी.

"पाटील, कोंबडी उपाशी मरतीया."

"उपाशी न्हाई, हौसाक्का. उपासाला बसलीया."

"तिला चोचीनं खाता येत न्हाई. वाढलीया चोच. कापाय पाहिजे."

पाटलांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "काय बोलतीस! देवीच्या कोंबडीला लोखंड? पुनवेचा निरोप गेलाय. खालचं गाव येणार, आन् आमी काय दाखवू, कोंबडी?"

"कोंबडीच हाय ती."

"व्हती," पाटील म्हणाले. "हात लावशील तर वाळीत टाकीन. मग बस कोंबडीशी बोलत."

हौसा परत निघाली. एकटी म्हातारी. वाळीत पडली तर विहिरीवर तिला घागर कोण उचलू लागणार? पण भिंगरी गेली तर घरात शिरताना "आले गं" कुणाला म्हणणार? चालता चालता तिला चांगुणाच्या उकिरड्यावरच्या कोंबड्या दिसल्या आणि ती थांबली. त्यातली एक तर भिंगरीची थेट लेक. तोच रंग, तीच चाल, तोच खत्रूडपणा. चोच मात्र आखूड, नीट, ज्वारीच्या दाण्यासारखी टोकदार.

एकच रक्त, मग हिची का नाही वाढली?

हौसा तिथंच दगडावर बसली आणि बघत राहिली. जन्मभर कोंबड्या पाळल्या, पण कोंबडी दिवसभर करते काय, हे तिनं बसून कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही तरी कुठं पाहिलंय? ती कोंबडी उकरत होती. टोचत होती. दाणा समजून खड्याला टोचत होती, खडा समजून किड्याला सोडत नव्हती. आणि प्रत्येक घासानंतर दगडाकडे जाऊन चोच पुसत होती. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, जशी एखादी बाई विळीला धार लावते तशी. दगडावर तेवढ्या जागी गुळगुळीत खाच पडली होती. किती कोंबड्यांनी, किती काळ पुसली असेल तिथं चोच! दगड झिजत होता आणि चोचही झिजत होती.

"अगं बाई," हौसा स्वतःशीच म्हणाली. "चोच वाढतीच. समद्यांची वाढती. ह्या रोज झिजवत्यात, म्हणून नीट ऱ्हाती. आन् आमी भिंगरीला मखमलीवर बसवली."

चांगुणा घरातून बाहेर आली. हौसानं तिला सगळं सांगितलं. चांगुणा तडक आत गेली आणि अडकित्ता घेऊन आली.

"आत्ती, धरा भिंगरीला. कट्कन उडवते."

"लोखंड लावायचं न्हाई गं."

"पितळेचा हाय की!"

"मूठ पितळेची. पातं?"

"पात्याचं देवीला कोण सांगतंय?" चांगुणा म्हणाली. "सुपारी फुटती, चोच काय मोठी लागून गेली!"

दोघी हौसाच्या घरी आल्या. हौसानं जुन्या लुगड्याच्या धडप्यात भिंगरीला गुंडाळलं, नुसतं डोकं बाहेर ठेवलं. असं गुंडाळलं की कोंबडी शांत होते. माणसंही होतात, थंडीत बघा. उंबऱ्यात बसून तिनं भिंगरीची मान हलकेच धरली. दार उगवतीला होतं. सकाळचं ऊन सरळ आत येत होतं. चांगुणानं अडकित्ता उघडला, चोचीपाशी नेला आणि तिचा हात तिथंच राहिला.

"आत्ती," ती म्हणाली, "हे काय हाय?"

हौसानं मान वाकवून पाहिलं.

ऊन चोचीतून आरपार आलं होतं. जी चोच रोज मळकी, शिंगासारखी दिसायची, ती मधाच्या थेंबासारखी पेटली होती. आणि त्या मधाच्या आत एक बारीक लाल धागा होता. मुळाशी जाड, पुढे निमुळता होत गेलेला, समईतल्या वातीसारखा. टोकाच्या अलीकडेच तो संपत होता. त्याच्या पुढचं तेवढं नुसतं पिवळं, कोरडं, आकड्यासारखं वाकलेलं.

"रगत हाय ह्यात," चांगुणा म्हणाली.

"जीव हाय गं. पार चोचीपर्यंत जीव हाय."

दोघी बोलेनात. ऐका बरं, चांगुणा बोलेना, हाच त्या वाडीतला पहिला खरा चमत्कार. कोंबडी काय खाते? भात, किडे, माती. त्या मातीतून तिच्या तोंडाशी असा दिवा कोण लावतं? आणि मऊ अंगाच्या जिवाला असं टणक हत्यार देऊन, त्या हत्याराच्या पोटातही पुन्हा जीव कोण ठेवतं? रोज डोळ्यापुढे होतं, पण उन्हात धरल्याशिवाय दिसलं नाही.

चांगुणानं अडकित्ता मिटून कनवटीला खोचला. ती म्हणाली, "मी सुपारीगत फोडणार व्हते, आत्ती."

"ते पुढचं तेवढं मेलेलं हाय," हौसा म्हणाली. "तेवढंच काढायचं. धाग्याला धक्का न्हाई लागला पाहिजे. लोखंड नगं. माझी वजरी आण. मोरीत हाय."

वजरी म्हणजे टाचा घासायचा खरबरीत दगड. चांगुणानं ती आणली, धुतली आणि म्हणाली, "मग हितंच घासा की गुपचूप. रोज जरा जरा. पाटलाला सांगू, गरुड आखडला."

हौसानं वजरी हातात घेतली आणि विचार केला. गुपचूप घासली तर भिंगरी उद्या पुन्हा चौरंगावर बसणार. चौरंगावर मऊ भात. मऊ भातावर पुन्हा चोच वाढणार. आणि आपण काही कायमच्या नाही.

"नगं," ती म्हणाली. "चोरून घासली तर जल्मभर चोरूनच घासावी लागंल. देवीची म्हणत्यात ना? मग देवीच्या दारात बसून घासते."

"वाळीत टाकतील, आत्ती!"

"तू येशील का पाणी प्यायला?"

चांगुणानं पदर खोचला. "पाणी? च्या पिऊन जाईन."

हौसा देवळाच्या पायरीवर जाऊन बसली. मांडीत गुंडाळलेली भिंगरी, हातात वजरी. पताका बांधणारी पोरं थांबली. पुजारीबुवा बाहेर आले. कुणीतरी पाटलांना हाक मारली. पाटील आले ते लालबुंद होऊनच.

"म्हातारे! अवताराला टाचंच्या दगडानं घासतीस? ऊठ! आजपासून वाळीत तू!"

"टाका," हौसा म्हणाली. "पर त्याच्या आधी हितं डोळा लावा."

"मी न्हाई लावत!"

"गरुडाचं दर्शन घेतलंत, आता कोंबडीचं घ्या की. घाबरताय व्हय?"

पाटलांना घाबरट म्हटलेलं चालत नसे. ते गुडघे धरून वाकले. पागोटं घरंगळलं ते तसंच राहिलं. हौसानं भिंगरीची चोच उन्हाच्या तोंडी धरली.

पाटील बघत राहिले. बराच वेळ. लोकांना वाटलं, कंबर धरली.

"बुवा," शेवटी ते हळूच म्हणाले, "हितं या. ह्यात वात लागलीया."

पुजारीबुवांनी पाहिलं. जन्म समईपुढे गेलेला माणूस. त्यांचे ओठ हलले, पण मंत्र सुचेना. मग वाडीनं रांग लावली. एकेकानं वाकून बघितलं आणि जो तो बाजूला होऊन आपल्याच नखांकडे बघत उभा राहिला. ज्या आजोबांना सोनेरी झाक दिसली होती त्यांना काहीच दिसलं नाही. पण ते सगळ्यात जास्त वेळ वाकून राहिले.

"आता हिच्या उराला हात लावा, पाटील," हौसा म्हणाली.

पाटलांनी हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "हाडं हायत नुसती."

"उपास धरला न्हाई तिनं. आपण ताट भरत व्हतो आन् ती बघत व्हती. तोंड मिटत न्हाई तिचं. आपण हात जोडून उभे, आन् ती आपल्यापुढं भुकंनं मरत व्हती."

 पाटलांनी पागोटं उचललं, ते डोक्यावर घातलं नाही, नुसतं हातात धरलं.

"घास," ते म्हणाले.

हौसा घासायला लागली. हलक्या हातानं, एकाच दिशेनं, थोडं घासायचं, उन्हात धरायचं, धागा कुठवर आहे बघायचं, पुन्हा थोडं. चोचीचा पिवळा भुगा तिच्या मांडीवर पडत होता. वाकडं टोक गेलं. धागा जवळ आला तशी ती थांबली.

आता पाटलांना घाई झाली. माणूस एकदा सुधारला की त्याला दम धरवत नाही. "थांबलीस का? अजून लांब हाय की! पुनवेच्या आत उरक! न्हाई तर आणा रे तो अडकित्ता!"

"अडकित्ता मी आधीच आणला व्हता," चांगुणा म्हणाली. "माझ्याइतकं येडं कुणी नगं व्हायला."

"लाल लागायच्या आत थांबायचं," हौसा म्हणाली.

"मग ऱ्हायलेली चोच?"

"ते मला न्हाई ठावं. आज एवढंच."

हौसानं भिंगरीला घरी नेऊन वाडग्यातलं पातळ खाऊ घातलं. मधे काही दिवस जाऊ दिले. मग पुन्हा पायरीवर बसून तिनं भिंगरीला उन्हात धरलं, आणि हौसाचेच डोळे विस्फारले.

धागा मागे सरला होता. पुढचं टोक घासलं गेलं तसा आतला जीव आपणहून मुळाकडे आखडला होता आणि पुढे नवं कोरडं टोक सोडून दिलं होतं. जणू म्हणत होता, घे, आता एवढं घे. कुणी सांगितलं त्याला? कान नाहीत, डोळे नाहीत, दोऱ्याएवढा लाल धागा, आणि त्याला कळलं की आता मागं व्हायचं! हौसा घासून थांबायची, तो सरायचा. तो सरला की हौसा घासायची. अख्खी वाडी दर खेपेला बघायला येऊ लागली. ढोल उन्हात तापून तापून कडक झाले, पण कुणी वाजवेना. या गोष्टीपुढे मोठ्यानं बोलायचीच लाज वाटत होती.

चोच नीट झाली तेव्हा हौसानं पुढचं सांगितलं. "आता हिला उकिरड्यावर सोडायची. दगड, माती, खडे. न्हाई तर परत तेच."

पुजारीबुवा घुटमळले. "देवीच्या कोंबडीला उकिरड्यावर कसं... त्यापरीस आपण हितंच ओसरीवर चार दगड आणू. माती आणू. थोडं शेण बी..."

"बुवा," हौसा म्हणाली, "देवळात उकिरडा न्यायचा का उकिरड्यावर कोंबडी न्यायची, ते तुमी ठरवा. झाडायचं तुमालाच हाय."

बुवांनी लगेच ठरवलं.

पुनव आली. खालचं गाव आलं. पुढे त्यांचे पाटील, पांढरेशुभ्र, पायांत करकरणारे जोडे. मागे शंभर माणसं, सगळ्यांची नाकं वर. वाडीच्या पाटलांनी त्यांना आधी जेवायला बसवलं. भात, आमटी, गूळ. स्वतःही बसले आणि हळूहळू जेवले. घास लांबवले की वेळ जातो, आणि वेळ गेला की उत्तर सुचतं, असं त्यांना वाटलं.

हात धुतल्यावर खालचे पाटील म्हणाले, "चला, कुठं हाय तुमचा गरुड?"

पुजारीबुवा कानाशी लागले. "सांगा, उडून गेला. कोण बघतंय?"

वाडीच्या पाटलांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. सोपं होतं. आभाळ मोठं आहे, त्यात कुठलाही गरुड मावतो. मग त्यांनी हौसाकडे पाहिलं, आणि त्यांच्या बोटांना ते उराचं हाड पुन्हा लागलं.

"गरुड नव्हता," ते म्हणाले. "कोंबडीची चोच वाढली व्हती. तिला खाता येत नव्हतं. आमी म्हटलं अवतार, आमी म्हटलं उपास. ह्या म्हातारीनं वाचवली. न्हाई तर आज तुमी मेलेल्या कोंबडीच्या पालखीला आला असता."

 मग खालच्या गावात जे हसू फुटलं! माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. खालच्या पाटलांच्या जोड्यांसकट सगळं करकरलं. "डोंगरातले ते डोंगरातले! मग बोलावलंत कशाला? कोंबडी दाणा खाती, ते बघायला?"

"व्हय," वाडीचे पाटील म्हणाले. "तेच बघायला. चला."

ते शंभर माणसांना घेऊन उकिरड्यापाशी आले. भिंगरी उकरत होती. मान ताठ, पिसांवर तकाकी. पाटलांना धीर धरवेना. ते तिच्यापुढे उकिडवे बसले, अगदी तोंडासमोर तोंड नेऊन, आणि पाहुण्यांना म्हणाले, "आता नीट बघा हं, ही चोच..."

भिंगरीनं उकरणं थांबवलं. तिनं मान तिरकी केली. एक डोळा पाटलांवर लावला. पाटलांच्या मिशीत, उजव्या अंगाला, जेवतानाचं एक भाताचं शीत अडकलं होतं. सगळ्या पंगतीनं ते पाहिलं होतं. पाटलांना सांगणार कोण?

पाटील गोठले. शंभर माणसं गोठली. एवढा मोठा माणूस, एवढी भरघोस मिशी, आणि नाकाखाली इतक्या जवळ ती चोच.

टिच्!

शीत गेलं. मिशीचा एक केससुद्धा हलला नाही. भिंगरीनं ते गिळलं, बाजूच्या दगडाकडे गेली, चोच डावीकडून पुसली, उजवीकडून पुसली, आणि पुन्हा उकरायला लागली.

कुणी हसलं नाही. माणसाच्या दोन बोटांना, डोळे उघडे ठेवून, आरशात बघून जे जमत नाही, ते एका म्हाताऱ्या कोंबडीनं श्वास घ्यायच्या आत केलं होतं. खालच्या पाटलांनी जोडे काढले. का काढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. ते अनवाणी उकिरड्यावर चढले, वाडीच्या पाटलांच्या शेजारी उकिडवे बसले, आणि हळू आवाजात मागे वळून म्हणाले,

"आमटी-भात उरलाय का रं? एक शीत आण. माझ्या मिशीला लाव."

तात्पर्य: ज्याला उंच बसवलं त्याच्या पोटात घास जातोय का, हे आधी बघावं आणि मग हात जोडावेत, आणि चमत्कारच बघायचा असेल तर लांब जाऊ नये, दारातली कोंबडी उन्हाकडे धरावी.